फ्युमिगेशन सर्टिफिकेट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट: काजू बी मागवताना गल्लत नको

आफ्रिकेतून काजू बी मागवणाऱ्या गोव्यातल्या कारखानदाराच्या फायलीत फ्युमिगेशन (कीड मारायला दिलेली विषारी वायूची धुरी) आणि फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला) हे दोन्ही कागद एकाच पिनेत येतात. त्यामुळे ‘फ्युमिगेशन झालंय, मग काळजी नाही’ असं धरून माल जहाजावर चढतो. पण फायटोसॅनिटरी नसेल, तर इथे क्वारंटाइन अधिकारी माल सोडत नाहीत.

फायटोसॅनिटरी निर्यातदार देशाचं सरकारी वनस्पती संरक्षण खातं देतं. माल तपासला, भारताने मनाई केलेली कीड-रोग आढळले नाहीत, अशी ती हमी असते. त्यात वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वजन आणि पोत्यांची संख्या इनव्हॉइसशी जुळायला हवी. खाडाखोड असेल आणि तिथे अधिकाऱ्याची सही-शिक्का नसेल, तर कागद बाद. आयात परवान्यात मागितलेलं जादा घोषणापत्र (ठरावीक कीड-रोगांबाबतचं वेगळं लेखी विधान) त्यावर शब्दशः उतरलं आहे का, हे मसुदा मागवून आधीच बघा. जहाज सुटल्यावर दुरुस्ती फार जड जाते.

फ्युमिगेशन सर्टिफिकेट धुरी देणाऱ्या एजन्सीचं. औषध कोणतं, मात्रा किती, किती तास, कोणत्या तापमानाला, एवढंच ते सांगतं. कीड मेली की नाही, याचं उत्तर त्यात नाही. आकडे वाचून ते आपणच ताडायचं. धुरीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. वीस फुटी कंटेनर साधारण ३३ घनमीटरचा. घनमीटरला २ ग्रॅम फॉस्फिन अशी मात्रा लिहिली असेल, तर ६६ गोळ्या लागतात. कालावधी २४ तासच दिसला, तर शंका घ्यावीच: फॉस्फिनला काही दिवस लागतात, घाई केली की मोठे किडे मरतात, अंडी आणि कोष वाचतात. मग वास्कोला कंटेनर उघडताना जिवंत कीड सापडते, आणि पुन्हा धुरी देण्याचा खर्च आयातदारावर येतो.

ही दुसरी धुरी पावसाळ्यात गोदामात द्यायची असेल, तर गळकं छप्पर आधी दुरुस्त करा. गोळ्या ट्रेमध्ये एका थरात पसरा. गोळ्यांच्या ढिगावर पाणी ठिबकलं तर गॅस एकदम सुटून पेट घेतो.

लाकडी पॅलेटवरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण) फक्त त्या लाकडापुरता. तो बघून आतली बी शुद्ध धरू नका.

तारखाही ताडून पाहा. फायटोसॅनिटरीच्या उपचाराच्या रकान्यात धुरीची नोंद असेल, तर औषध, मात्रा आणि दिवस दोन्ही कागदांवर तेच हवेत.