'कम्युनिकेशन फॉल्ट': अवजड यंत्रांच्या अबोल्यामागची पार्श्वभूमी

मृग लागला की गोव्यातल्या डिचोली, साखळी, उसगाव भागातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास वाढते. बॅकहो सुरू होतो पण रेस घेत नाही, किंवा पोकलेन सुरूच होत नाही आणि केबिनमधल्या पडद्यावर कम्युनिकेशनचा कोड झळकतो. ऑपरेटर फोनवर सांगतो, 'सेन्सर गेला.' मालक विचारतो, 'ईसीयू केवढ्याला?' ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो.

पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षांत इथलं लोहखनिज जहाजांनी बाहेर जाऊ लागलं. पुढची काही दशकं खाणीवरच्या यंत्रात वीज होती ती स्टार्टर, दिवे आणि हॉर्नपुरती. पंप बसला तर कानाला कळायचं, होज फुटला तर तेल अंगावर यायचं. त्या काळातले मेकॅनिक हाताला काळं लागल्याशिवाय निदान झालं असं मानत नसत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

एका जर्मन कंपनीने मोटारगाडीतला तारांचा गुंता कमी करण्यासाठी 'कॅन' ही पद्धत काढली आणि १९८६ साली डेट्रॉइटमध्ये जाहीर केली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, आणि सगळे कंट्रोलर, म्हणजे ईसीयूसारखे छोटे संगणक, त्याच तारांवर आळीपाळीने बोलणार. ट्रक आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी तिच्यावरच १९९०च्या दशकात 'जे-१९३९' हे मानक उभं राहिलं. आधीच्या पद्धतीत सेकंदाला ९,६०० बिट जात. इथे २,५०,००० जाऊ लागले. इंजिन, हायड्रॉलिक पंप, गिअर आणि पडदा यांचं घर एकत्र झालं, आणि एकत्र घरातले अबोलेही आले.

खरा घोळ आहे तो 'कम्युनिकेशन फॉल्ट' या शब्दातच. हा शब्द किमान तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो.

कोडच्या शेवटी ९ आकडा असेल, तर त्याचा अर्थ 'ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही' एवढाच. ही तक्रार ऐकणाऱ्याची असते. पडदा म्हणतो की इंजिन बोलत नाही. यात इंजिनचा ईसीयू मेला असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याचा फ्यूज गेला असेल, अर्थिंग सैल असेल किंवा मधली तार तुटली असेल. शेवटी १९ असेल, तर गोष्ट जवळजवळ उलटी. निरोप वेळेवर आला, पण पाठवणाऱ्यानेच आत 'माझं हे माप विश्वासाचं नाही' अशी खूण घालून पाठवला. म्हणजे तार ठणठणीत, आणि दोष पलीकडच्या कंट्रोलरला जोडलेल्या सेन्सरकडे. तरी दोन्ही कोडना गॅरेजमध्ये एकच नाव. मग १९ वाल्या यंत्राचं अख्खं हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, उसवलं जातं आणि ९ वाल्याला नवा सेन्सर बसतो.

तिसरा अर्थ सगळ्यांत फसवा. कॅनच्या नियमानुसार प्रत्येक कंट्रोलर आपल्या चुका मोजत असतो. निरोप पाठवताना वाढत जाणारा हा आकडा २५५च्या पुढे गेला की तो आपणहून लाइनवरून बाजूला होतो, बाकीच्यांच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून. कळकलेल्या पिनमुळे किंवा लाइनवरच्या खडखडाटामुळे चांगला कंट्रोलरही असा गप्प बसतो. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की बोलू लागतो. लोक म्हणतात, 'आपोआप गेलं बघा.' चार दिवसांनी फोन येतोच. माझ्या मते इथे विनाकारण बदललेल्या ईसीयूंपैकी बरेच या तिसऱ्या अर्थाचे बळी आहेत. 'कम्युनिकेशन फॉल्ट म्हणजे बॉक्स (ईसीयू) गेला' हे समीकरण जिथे सुटे भागही विकले जातात त्या काउंटरवरून पसरलं, हा योगायोग म्हणायचा तर म्हणा.

तपासायला लागतं ते साधं मीटर. बॅटरीचा कटऑफ बंद करायचा, निदानाचं टूल जोडायच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटचं झाकण काढायचं, सी आणि डी या पिनांना टोकं लावायची. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६०च्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक टोक सुटलं किंवा मध्ये कुठेतरी तार तुटली. ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला, बहुधा डिझेलचोरी पकडायला बसवलेल्या जीपीएसच्या डबीतून. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. ६० आला म्हणून मात्र हात झटकायचे नाहीत. बॉडीला घासणारी तार या मापात सापडेलच असं नाही. त्यासाठी किल्ली चालू करून प्रत्येक तारेचा व्होल्टेज अर्थिंगपासून मोजायचा: दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास, सीवरची 'हाय' तार थोडी वर, डीवरची 'लो' थोडी खाली. एकीकडे मीटर धरून दुसऱ्याला बूम हलवायला सांगितलं की निम्म्या केस तिथेच उघड्या पडतात.

गोव्यात हा विषय एवढा पेटला त्यामागे २०१२ आहे. त्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पाठोपाठ ऑक्टोबरात न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यात उत्खनन पुन्हा बंद पडलं. बंदीच्या या काळांत यंत्रं माळावर उभी. वर्षाला शंभर इंचांवर पाऊस, खारी हवा, त्यात सीटखाली उंदरांचे संसार. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं तशा पिना हिरव्या पडल्या. मग हीच यंत्रं रस्त्यांच्या, पुलांच्या आणि मोपा विमानतळाच्या कामांवर गेली. जांभ्याने झिजलेल्या बकेटला बॅटरी न सोडवताच वेल्डिंग मारायची जुनी सवय होतीच. पूर्वी, यंत्रात कंट्रोलर नव्हते तेव्हा, ती खपून जायची.

एप्रिल २०२१ पासून चाकांवरच्या बांधकाम यंत्रांना धुराच्या उत्सर्जनाच्या नियमांचा चौथा टप्पा लागू झाला. तोवर साध्या पंपावर चालणाऱ्या बॅकहोतही कॉमन रेल ही विजेवर नियंत्रित डिझेल-फवाऱ्याची पद्धत आणि ईसीयू आला. जानेवारी २०२५ पासून पाचवा टप्पा आहे. खाणीपुरता असलेला प्रश्न आता वाड्यावर पाया खणणाऱ्या एका यंत्राच्या मालकाकडेही पोचला आहे.

यातच सॉकेटचा रंग बदलला. काळं सॉकेट सेकंदाला २,५०,००० बिटच्या लाइनचं, हिरवं ५,००,०००च्या. हिरव्या केबलचा प्लग दोन्हींत बसतो, काळ्याचा हिरव्यात बसू नये म्हणून खाच वेगळी ठेवली आहे. ती खाच कानशीने घासून जुनं टूल बसवलेलं मी फोंड्याजवळच्या एका साइटवर पाहिलं. टूल २,५०,०००च्या वेगाने बोलायला गेलं, लाइनवर गोंधळ उडाला आणि तोवर नुसता कोड दाखवणारं यंत्र बंदच पडलं. टूलच्या पडद्यावर मात्र आलं होतं, 'ईसीयू प्रतिसाद देत नाही.' नव्या ईसीयूची ऑर्डर त्याच संध्याकाळी गेली.