नाक नक्की कोण हलवायचं?

'आय ड्रीम ऑफ जिनी' या जुन्या अमेरिकन मालिकेत जिनी नाक हलवायची आणि मेजर नेल्सनच्या घरात गोंधळ उडायचा, असं मी परवा ताईला अगदी शपथेवर सांगत होते. ताई म्हणाली, "अगं, नाक समँथाचं, 'बिविच्ड' मालिकेतल्या चेटकिणीचं! जिनी हाताची घडी घालून, मान लववून डोळे मिटायची." माझा विश्वास बसेना. गुलाबी पोशाख, डोक्यावर उंच बांधलेले केस आणि ते थरथरणारं नाक, सगळं मला लख्ख दिसत होतं. शेवटी एक भाग लावला. ताईचंच खरं निघालं.

'बिविच्ड' अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९६४ ते १९७२ अशी आठ वर्षं चालली. एनबीसीची 'आय ड्रीम ऑफ जिनी' १९६५ ते १९७० या काळातली. पहिलीत जाहिरात कंपनीतल्या साध्या माणसाशी संसार मांडणारी चेटकीण, दुसरीत एका अंतराळवीराला बेटावर सापडलेल्या बाटलीतून निघणारी जिनी. जादूची युक्ती सोपी होती. समँथा झालेली एलिझाबेथ माँटगोमेरी हात वर करून पुतळ्यासारखी थांबायची, कॅमेरा बंद व्हायचा, माणसं येऊन सामान हलवायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू. आणि ते नाक? ती खरं तर वरचा ओठ हलवायची, त्याबरोबर नाक हललेलं दिसायचं.

मग माझ्या डोक्यात हे नाक जिनीच्या चेहऱ्यावर कसं गेलं? आठवणी मेंदूत व्हिडिओ टेपसारख्या साठवलेल्या असतात आणि जुनी मालिका लागली की बालपण जसंच्या तसं परत येतं, असं आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे. ती कशी चुकीची ठरली, ही मला विज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नवी आठवण तयार होते तेव्हा चेतापेशींमधले काही जोड बळकट होतात. एका पेशीतून ग्लुटामेट हे रसायन सुटतं, पुढच्या पेशीवरचे एनएमडीए ग्राही, म्हणजे हे रसायन ओळखणारी दारं, उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, त्यातून पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातो आणि नवी प्रथिनं बनू लागतात. ही प्रथिनं म्हणजे जोडावर चढवलेला गिलावा. तो वाळायला काही तास लागतात. एकदा वाळला की आठवण पक्की, असं अनेक दशकं मानलं जात होतं.

२००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. एक स्वर वाजवायचा आणि पायाला विजेचा झटका द्यायचा. पुढे नुसता स्वर ऐकला तरी उंदीर भीतीने थिजतो. ही आठवण पक्की झाल्यावर त्यांनी तो स्वर पुन्हा ऐकवला आणि लगेच उंदराच्या अमिग्डालात, म्हणजे भीतीची आठवण सांभाळणाऱ्या भागात, प्रथिननिर्मिती रोखणारं ॲनिसोमायसिन हे औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी स्वर वाजला तेव्हा उंदराचं थिजणं फार कमी झालं होतं. स्वर न ऐकवता औषध दिलं, तर भीती शाबूत. स्वरानंतर सहा तासांनी दिलं, तरीही शाबूत. म्हणजे औषध आठवण पुसत नव्हतं. आठवण जागी झाल्यामुळे वाळलेला गिलावा पुन्हा ओला झाला होता, आणि औषधाने तो पुन्हा वाळू दिला नव्हता. याला स्मृतीचं पुनर्दृढीकरण म्हणतात.

उंदरावरून माणसाकडे येताना जपून यायला हवं, कारण माणसांवरच्या प्रयोगांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. तरी आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते आणि तेव्हा तिच्यात दुसरं काही मिसळू शकतं, याचे पुरावे भरपूर आहेत. दोन्ही मालिकांत जादूची बाई, गोंधळलेला पुरुष आणि क्षणात गायब होणारं सामान. माझ्याकडे दोघींचा गिलावा एकाच वेळी ओला झाला असणार.

आता जुन्या आठवणींच्या गोडव्याचं. जुन्या प्रसंगातलं दुःख त्यातल्या आनंदापेक्षा लवकर फिकं होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मालिका पाहताना झालेली भांडणं, उरलेला गृहपाठ यांची धार जाते, खिदळणं टिकतं. त्यातच साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणीही जास्त संख्येने वर येतात. ज्यांनी या मालिका त्या वयात पाहिल्या, त्यांना नुसती शीर्षकधून पुरते. या हुरहुरीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दिलं, तेही घराच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजाराला!

म्हणूनच संमोहनाने गेल्या जन्माची आठवण काढून देतो म्हणणाऱ्यांची मला चीड येते. संमोहनाने आठवणी अचूक होत नाहीत, त्यांच्याबद्दलची खात्री मात्र वाढते. लख्ख दिसणं हा पुरावा नसतो. मलाही लख्खच दिसत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही आणखी तीन भाग पाहिले. आता जिनी हाताची घडी घालते, डोळे मिटते, हे मला नीट आठवतं. फक्त त्या दृश्यात आता ताईचं "अगं, नाक समँथाचं!" हेही ऐकू येतं.