आयसोप्रोटेरेनॉल मॉडेल: 'इन्फार्क्टसारखी'मधलं 'सारखी' गेलं कुठे?

औषधाने हृदयाला इजा करून बघायची म्हटली की आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत प्रोटोकॉल जवळजवळ पाठच असतो. विस्टार जातीचा रॅट, ८५ मिग्रॅ प्रति किलो आयसोप्रोटेरेनॉल, कातडीखाली, २४ तासांच्या अंतराने दोनदा. द्रावण ताजंच करायचं, ठेवलं की गुलाबी पडतं. आधी काही आठवडे अर्जुनसालीचा नाहीतर कसला तरी अर्क पाजलेला असतो, तो हृदय वाचवतो का बघायला, शेवटी रक्तात सीके-एमबी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम) बघायचं आणि हृदयाचे काप टीटीसी या रंग देणाऱ्या रसायनात बुडवायचे, जिवंत भाग विटकरी लाल, मेलेला फिका.

आयसोप्रोटेरेनॉल हे मुळात दम्याचं औषध. १९५९ साली रॅटच्या लेफ्ट व्हेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात) त्याने स्नायू मेलेला दिसला तेव्हा पेपरच्या शीर्षकात 'इन्फार्क्टसारखी' इजा असं लिहिलं होतं; इन्फार्क्ट म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. सगळी मेख त्या 'सारखी'त आहे, कारण नेहमीच्या हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी गुठळीने तुंबते आणि इथे वाहिन्या उघड्याच असतात, हृदय भरधाव पळतं, ऑक्सिजन जास्त लागतो, त्यात खालचं बीपी पडल्याने हृदयालाच रक्त कमी पोचतं, आणि वर पेशींत कॅल्शियम भरतं. पुढे एकाचं बघून दुसऱ्याने लिहिता लिहिता 'सारखी' गळलं, आता थिसिसवर सर्रास 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', म्हणजे थेट हार्ट अटॅकच, छापतात. काहीजण म्हणतात की ऑक्सिजन कमी पडूनच स्नायू मेला ना, मग नाव चालतं. मला नाही पटत. गुठळीच नाही तिथे चाललेला अर्क हार्ट अटॅकवर चालेल हे कशावरून? उलट औषधाने झालेली इजा म्हणून मॉडेल अगदी खरं आहे, १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याचे मृत्यू वाढले तेव्हा बोट याच औषधाच्या स्ट्राँग स्प्रेकडे गेलं होतं.

डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधाची गोष्ट वेगळी, तिथे इजा हळूहळू साचते. माणसात एकूण ५५० मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या पुढे हार्ट फेल्युअरचा धोका झपाट्याने वाढतो, म्हणून रॅटलाही १५ मिग्रॅ प्रति किलो दोन आठवड्यांत सहा हप्त्यांनी देतात. पोटात पाणी भरतं, पण त्यात किडनीचाही हात असतो हे बरेचजण विसरतात.

आणि ठोके बिघडवणाऱ्या टर्फेनाडिनसारख्या (हे ॲलर्जीचं जुनं औषध) औषधांना तर रॅट बिनकामाचाच, त्याच्या हृदयातले पोटॅशियम चॅनल (पेशीतून पोटॅशियम ये-जा करण्याची दारं) वेगळे, तिथे गिनीपिग नाहीतर कुत्रा लागतो.

अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यातली नवीन औषधं आधी प्राण्यांवर तपासायची सक्ती काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये नियम बदलून प्राण्याऐवजी छोट्या चिपवर वाढवलेल्या माणसाच्या पेशींवर तपासायला वाट करून दिली. पण चिप आणणार कोण, रॅट पिंजऱ्यात तयार आहेत आणि सबमिशन मार्चमध्ये.