शाफ्टमधला केबलचा लूप कापू नका: फायबर आणि स्मॉल सेल बसवलेल्या सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी. हे पत्रक कमिटीसाठी आहेच, पण त्याहून जास्त ते मॅनेजर, वॉचमन, रंगारी, प्लंबर आणि एसीवाल्यांसाठी आहे. त्यामुळे प्लीज एक प्रिंट काढून प्रत्येक विंगच्या शाफ्टच्या दाराला आतून चिकटवा. नुसतं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय तिथेच संपतो, हे आम्ही बघितलंय.

आम्ही सोसायट्यांमध्ये फायबर आणि स्मॉल सेल बसवतो आणि सांभाळतो, त्यामुळे आम्हाला फिरून फिरून दोन प्रश्न येतात. एक, "टॉवर गॅलरीतून दिसतोय तरी हॉलमध्ये रेंज का नाही?" आणि दुसरा, "कालपर्यंत मस्त होतं, आज बी विंगला अचानक काय झालं, तुमचं मशीन गेलं का?" पहिल्याचं उत्तर पटकन देऊन टाकतो. दुसऱ्यावर जरा वेळ घालवू, कारण तुमचा आणि आमचा खरा खर्च तिथे होतो.

तर रेंज का नाही. पुण्यात हल्ली जे टॉवर उभे राहतायत ते बहुतेक मिवानचे, म्हणजे विटा नाहीतच, आतली भिंतसुद्धा सळईवाल्या काँक्रीटची. त्यात खिडकीला ऊन अडवणारी कोटिंगची काच असेल तर ती उन्हाबरोबर सिग्नलही बराचसा अडवते. आणि आपल्याकडे ५जी मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतं, त्याला स्पीड चांगला पण भिंती पार करायची ताकद कमी. जुन्या ८५० किंवा नवीन ७०० मेगाहर्ट्झचं तसं नाही, ते आत शिरतात, पण तिथे जागाच थोडी, सगळी बिल्डिंग संध्याकाळी एकदम रील बघायला बसली की ते पुरत नाही. म्हणून मग टॉवर मोठा करण्यापेक्षा छोटे सेल (स्मॉल सेल, म्हणजे टॉवरचंच काम करणारे छोटे बॉक्स) माणसांजवळ आणायचे, लॉबीत, पार्किंगच्या बेसमेंटमध्ये, क्लबहाउसमध्ये, बाहेर रस्त्यावरच्या लाइटच्या खांबावर. प्रत्येक सेल थोड्याशाच जागेला पुरतो, म्हणून ते संख्येने जास्त लागतात, आणि प्रत्येकाच्या मागे एक फायबर लागतंच. हवेतून जातं ते फक्त शेवटचं थोडंसं अंतर, बाकी सगळा प्रवास फायबरमधल्या काचेच्या तंतूतून. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपंय.

(ज्यांच्या घरात ब्रॉडबँड आहे त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू करावं, फुकट आहे, त्यासाठी आम्हाला बोलवायची गरज नाही. मोठ्या कंपन्यांनी ते २०१९-२० पासूनच सुरू केलंय तरी निम्म्या लोकांना माहीत नसतं.)

आता दुसरा प्रश्न. मशीन गेलेलं नसतं. बहुतेक वेळा कोणीतरी शाफ्ट "साफ" केलेला असतो.

शाफ्ट उघडला की आमच्या जॉइंट बॉक्सच्या शेजारी काळ्या केबलचा गोल गुंडाळलेला लूप दिसतो, दहा-पंधरा मीटरचा. बघणाऱ्याला वाटतं की या लोकांनी उरलेली केबल तशीच टांगून ठेवलीय, काम नीट करता येत नाही यांना. मग रंगारी येतो, त्याला भिंत मोकळी हवी असते, तो लूप काढून खाली सोडतो किंवा दुमडून कोपऱ्यात कोंबतो. किंवा नवीन सीसीटीव्हीवाला येतो, त्याला त्याच्या वायरी बांधायच्या असतात, तो आमचा लूप त्याच गठ्ठ्यात घेऊन केबल टाय कचकचून ओढतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणीतरी टापटिपीची आवड असलेला माणूस तो लूप जास्तीचा आहे म्हणून कटरने कापून टाकतो आणि दोन टोकं काळ्या टेपने जोडून ठेवतो, की झालं, जोडली ना वायर.

ती वायर नाहीये. आत तांबं नाही, काच आहे. एका तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलीमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश जातो तो त्यातल्या मधल्या ९ मायक्रॉनमधून. दोन टोकं टेपने एकमेकांना टेकवली तर ती समोरासमोर येणार नाहीत, कधीच नाही. ती जोडायची म्हणजे वरचं आवरण सोलायचं, तंतू स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने टोक सरळ काटकोनात तोडायचं, मग स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं ठेवायची, मशीन कॅमेऱ्याने बघून ती समोरासमोर आणतं आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करतं, त्यावर बारीक स्लीव्ह तापवून बसवायची. जॉइंट नीट झाला तर त्यात ०.०५ डेसिबलच्या आसपास नुकसान होतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण त्यासाठी दोन्ही टोकं मशीनपर्यंत यायला हवीत, आणि मशीन शाफ्टमध्ये शिडीवर उभं राहून हातात धरता येत नाही, ते खाली सपाट जागी ठेवावं लागतं.

तो लूप त्यासाठीच असतो. केबल कुठे तुटली तर लूपमधून थोडी सोडून घ्यायची, टोकं खाली आणायची, जोडायची, परत गुंडाळून ठेवायची, तास-दोन तासांत विषय संपला. लूप कापून नेला असेल तर टोकं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. मग दोनच मार्ग उरतात. मध्ये नवीन तुकडा टाकायचा, म्हणजे एकाऐवजी दोन जॉइंट आणि दोन बॉक्स, किंवा खालच्या बॉक्सपासून अख्खी केबल नव्याने ओढायची. आणि ज्या पाईपमधून ओढायची त्यात तोपर्यंत इंटरकॉम, केबल टीव्ही, सीसीटीव्ही सगळे येऊन बसलेले असतात. जे काम चहा होईपर्यंत संपलं असतं त्याला पूर्ण दिवस जातो, दोन माणसं लागतात, आणि मग बिल बघून कमिटी म्हणते की एवढे कसे झाले. म्हणून सांगतो, तुटली तरी चालेल, पण तुकडा फेकू नका, टोकं ओढू नका, टेप लावू नका, आहे तसं सोडून आम्हाला फोन करा.

दुमडलेल्या केबलचं दुखणं वेगळंच, कारण ते दिसत नाही. काच लवचिक असते, पण ठरावीक वळणापेक्षा जास्त वाकवली की आतला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. केबल तुटलेली नसते, हात लावला तर ठणठणीत वाटते. आम्ही ओटीडीआर लावतो, म्हणजे एका टोकातून प्रकाश सोडून परत किती येतो आणि कुठून येतो ते मोजणारं यंत्र. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर रेषा सरळ दिसते, १५५० वर मात्र एका जागी पायरी पडलेली असते. हे दिसलं की आम्ही समजून जातो की तुटलेलं नाही, कुठेतरी वाकलंय, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर आधी सांडतो. मग यंत्र सांगतं त्या मीटरवर जाऊन शाफ्ट उघडायचा, तिथे गठ्ठ्यात रुतलेला एखादा पांढरा केबल टाय असतो, तो कापला की स्क्रीनवरची पायरी डोळ्यांदेखत गायब होते. दोन रुपयांचा टाय. पण तो सापडेपर्यंत तुमची विंग अर्धवट चालू असते, आणि हे अर्धवटच जास्त त्रासाचं. प्रकाश ३ डेसिबलने घटला म्हणजे निम्मा झाला, तरी सेलला पुरतो, तुम्हाला काहीच कळत नाही, मग एका मर्यादेनंतर लिंक पडते, उठते, परत पडते. सेल पडला की फोन गुपचूप बाहेरचा लांबचा टॉवर पकडतो, स्क्रीनवर दोन दांड्या दिसत राहतात आणि कॉल काही लागत नाही. मग माणूस सिम कंपनीला शिव्या देतो, नंबर पोर्ट करतो, आणि पोर्ट करूनही तेच, कारण दुसऱ्या कंपनीचा सेलही त्याच केबलवर आहे.

लक्षात ठेवायला एकच माप देतो: लूपचा गोल एका वितीपेक्षा लहान करायचा नाही आणि बांधायचाच असेल तर वेल्क्रोने, टायने नाही. घरात आलेली पातळ पांढरी केबल जास्त वाकणं सहन करते कारण तिचा तंतू वेगळ्या प्रकारचा असतो, शाफ्टमधल्या काळ्या केबलला तो न्याय लावू नका.

अजून तीन गोष्टी, थोडक्यात.

रॅकच्या (आमची यंत्रं ठेवलेल्या कपाटाच्या) एमसीबीवर, म्हणजे मेन स्विचवर, आमचं लाल स्टिकर आहे. लाइटबिल वाचवायला रात्री तो कोणी खाली करू नये, बेसमेंटमधले सगळे सेल त्यावर आहेत. रात्री दोन वाजता पार्किंगमधून कोणाला अॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर काय, एवढाच विचार करा.

गच्चीवर पांढऱ्या घुमटासारखा छोटा जीपीएस अँटेना आहे. त्यावर पत्र्याची शेड घालू नका, टाकी सरकवू नका. तो रस्ता शोधायला नाहीये, ५जी च्या सेलना एकमेकांशी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात वेळ जुळवावी लागते आणि ती वेळ तो आणतो.

आणि ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर कृपया लावू नका. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की परवानगीशिवाय असा बूस्टर विकणं, बाळगणं, वापरणं बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तो एका फ्लॅटला दांड्या वाढवून देतो आणि वरच्या-खालच्या चार मजल्यांच्या सेलमध्ये गोंगाट घालतो. तक्रार मात्र आमच्याकडे येते.

रेडिएशनचं प्रत्येक एजीएममध्ये निघतं म्हणून सांगतो. भारतात २०१२ साली मर्यादा आंतरराष्ट्रीय मापाच्या एक दशांशावर आणली गेली, आणि छोटा सेल तर टॉवरच्या मानाने कितीतरी कमी पॉवरवर चालतो. शिवाय रेंज खराब असली की तुमचा स्वतःचा फोन, जो तुम्ही कानाला लावता, तोच जास्त पॉवर मारतो. बाकी ज्याला पटत नाही त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही, सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर पैसे भरून मोजणी मागवता येते, मागवा.

आमच्यावरचे दोन आरोप. "व्हिजिट चार्ज कशाला?" स्प्लायसिंग मशीन आणि ओटीडीआर दोन्ही महाग, त्यांचे इलेक्ट्रोड, ब्लेड, बॅटरी बदलाव्या लागतात, आणि जो मुलगा येतो तो शिकलेला असतो, केबल ओढणारा कोणीही हे करू शकत नाही. आमच्या चुकीने काही गेलं असेल तर चार्ज लावत नाही, ओटीडीआरचा रिपोर्ट आधीचा आणि नंतरचा दोन्ही देतो, स्वतः ताडून बघा. दुसरा, "बॉक्सला कुलूप का?" वर वाचलंत ना, त्यासाठीच. एक किल्ली मॅनेजरकडे आहे, तशी सही घेतलेली आहे.

सोसायटीच्या आवारात खोदकाम काढायच्या आधी, मग ती गॅसची लाइन असो, पेव्हर ब्लॉक असोत की झाडं, हँडओव्हरला दिलेला रूटचा नकाशा ठेकेदाराच्या हातात द्या. बाहेरच्या रस्त्यासाठी २०२३ पासून सरकारचं कॉल बिफोर यू डिग अॅप आहे, पण तुमच्या गेटच्या आत काय पुरलंय ते त्या नकाशातच आहे. सापडत नसेल तर आम्ही परत पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. गेटबाहेर केबल तुटली तर मात्र थोडा धीर धरावा लागेल, कारण पावसाळ्यात रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही, तेव्हा तात्पुरती वरून केबल टाकून चालवावं लागतं.

ज्यांचं रीडेव्हलपमेंट चाललंय त्यांनी बिल्डरकडून प्रत्येक मजल्यापर्यंत एक रिकामा पाईप, शाफ्टमध्ये रॅकची जागा आणि तिथे वेगळा वीज पॉइंट अॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्या. प्लास्टर होण्याआधी हे अगदी स्वस्तात होतं, ताबा घेतल्यावर भिंती फोडून करायचं तर आकडा ऐकून बसायला खुर्ची लागेल. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायचे नियमही काढलेत, त्यामुळे पुढे फ्लॅट विकताना हे विचारलं जाणार. ड्रॉइंग आणून दाखवलंत तर पाईप कुठून न्यायचा ते आम्ही खुणा करून देतो, काम आम्हालाच द्या अशी अट नाही.

वार्षिक करार असलेल्या सोसायट्यांना रंगकाम, वॉटरप्रूफिंग किंवा सीसीटीव्हीचं काम काढताना आमचा माणूस एकदा येऊन लूप नीट बांधून झाकून देतो आणि काम संपल्यावर परत मोजणी करतो, दोन्ही करारातच धरलंय. करार नसेल तर निदान काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शाफ्टचा फोटो पाठवा, काय हलवलं तर चालेल आणि काय नाही ते फोटोवर गोल करून सांगतो. दिवाळीआधीचं रंगकाम काढणाऱ्यांनी गणपती झाले की लगेच कळवा, नंतर नंतर आमच्याकडे तारखा मिळत नाहीत.