गरजेपासून लोकसंख्येपर्यंत : लहान गावांच्या पाणी-निधीची पार्श्वभूमी

ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी केंद्र सरकारने १९७२-७३ मध्ये त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता. या कार्यक्रमाचा निकष गरजेचा होता. ज्या वस्तीला १.६ किलोमीटरच्या आत पाणी मिळत नाही, किंवा डोंगराळ भागात जिला पाण्यासाठी १०० मीटर चढ-उतार करावी लागते, ती वस्ती आधी. दरडोई दररोज ४० लिटर पाणी आणि २५० माणसांमागे एक हातपंप, असे माप ठरले होते.

सरकारने बांधून दिलेल्या कित्येक योजना देखभालीवाचून बंद पडल्या. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत आणले आणि १९९९ च्या क्षेत्र सुधारणा कार्यक्रमाने नवा नियम घातला : भांडवली खर्चाची १० टक्के लोकवर्गणी गावाने भरावी आणि योजना चालवण्याचा सगळा खर्चही गावानेच सोसावा. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने मागणीवर आधारित धोरण, म्हणजे जे गाव मागेल आणि वर्गणी भरेल त्याला योजना, हे स्वीकारले आणि २००३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने 'जलस्वराज्य' प्रकल्प राबवला. पदरचे पैसे घातलेले गाव योजनेची काळजी घेते, या विचारात तथ्य होते. मात्र मागणी करता येणे हीदेखील एक कुवत असते. वर्गणी गोळा करणे, प्रस्ताव तयार करणे, तालुक्याला खेटे घालणे हे जिथे कोणाला जमत नव्हते, ती वाडी रांगेत मागे राहणार हे उघड होते. शिवाय विहीर, पंप आणि टाकी चाळीस घरांच्या वस्तीलाही लागतातच, त्यामुळे तिथे घरटी खर्च मोठ्या गावापेक्षा बराच जास्त येतो. टक्केवारी समान ठेवली म्हणून भार समान होत नाही, हे माझ्या मते या धोरणाने पुरेसे लक्षात घेतले नाही.

२०१९ च्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ आणि दरडोई ५५ लिटर हे उद्दिष्ट ठेवले. गावांतर्गत कामांसाठी वर्गणी १० टक्केच राहिली. डोंगराळ व वनक्षेत्रातील, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या ५० टक्क्यांहून अधिक असलेल्या गावांसाठी ती ५ टक्के झाली. ही सवलत योग्यच आहे, पण ती बांधकामापुरती आहे.

सांडपाण्याच्या बाबतीत लहान शहरांना अधिक काळ थांबावे लागले. केंद्राचे शहरी पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठीचे २०१५ चे अमृत अभियान मुख्यतः एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी होते. २०२१ मध्ये अमृत २.० ने पाणीपुरवठा सर्व वैधानिक शहरांना (कायद्याने नगरपालिका, नगरपंचायत अशी संस्था असलेल्या शहरांना) खुला केला, परंतु मलनिस्सारणाचा निधी आधीच्याच ५०० शहरांपुरता ठेवला. लहान नगरपरिषदांना स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातून नाले अडवणे-वळवणे आणि प्रक्रिया केंद्रे यांसाठी पैसे मिळू लागले. भुयारी गटारांचे जाळे मात्र त्यात बसत नाही.

योजना चालवण्याच्या खर्चाची अडचण आजही तशीच आहे. केंद्राच्या निधीचे राज्ये व स्थानिक संस्थांमधील वाटप सुचवणाऱ्या १५ व्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधनकारक केली, हे मोठे पाऊल होते. पण पंचायतींमधील वाटपासाठी आयोगाने लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के महत्त्व द्यावे असे सुचवले. सहाशे वस्तीच्या ग्रामपंचायतीला त्या हिशेबाने तुटपुंजा वाटा मिळतो, आणि खोल दरीतून पाणी उपसण्याचे वीजबिल मात्र लोकसंख्येवर नव्हे, चढावर ठरते.