पडताळणी वेग

पडताळणी वेग म्हणजे शेजारी-शेजारी दिलेल्या दोन नोंदी तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत, हे नेमून दिलेल्या वेळात ओळखण्याची क्षमता. नोकरभरतीच्या अभियोग्यता चाचण्यांत ती आकडे, नावे, पत्ते यांच्या जोड्या देऊन तपासतात. एकेक प्रश्न सुटा पाहिला तर कोणालाही सुटेल. अडचण सगळी घड्याळाची.

१९३० च्या दशकातील मिनेसोटा लिपिक चाचणी हा या प्रकाराचा जुना नमुना. तीत आकड्यांच्या २०० आणि नावांच्या २०० जोड्या असतात. १९३८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी प्राथमिक मानसिक क्षमतांमध्ये, म्हणजे बुद्धीच्या मूळ घटकांमध्ये, या वेगाला स्वतंत्र स्थान दिले. त्यामुळे गणितात तरबेज असलेला उमेदवार इथे मागे पडला, तर त्यात नवल नाही.

सरावात बहुतेक जण डोळे भरभर फिरवायला जातात आणि फसतात. नजर एका जागी साधारण पाव सेकंद टिकते, आणि अगदी स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मधला जेमतेम दोन अंशांच्या कोनाचा पट्टा. वेळ खातात त्या डावीकडून उजवीकडच्या फेऱ्या. ७४१९३८६२ हा आकडा अंकागणिक ताडला तर आठ फेऱ्या होतात. ७४१९ आणि ३८६२ असा तोडून मनात धरला तर दोनच. तीन-चार अंकांचा तुकडा बहुतेकांना पेलतो. त्याहून मोठा घेतला की टोकाचे अंक निसटतात आणि नजर पुन्हा मागे जाते.

नावांचे दुखणे निराळे. ओळखीचा शब्द आपण पुरता न पाहताच वाचून मोकळे होतो, म्हणून मधल्या अक्षरांची अदलाबदल नजरेतून सहज निसटते. देवनागरीत घ-ध, भ-म, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार या नेहमीच्या फसव्या जागा. काही जण नावे मुद्दाम उलट्या दिशेने ताडतात; सुरुवातीला विचित्र वाटते, पण वाचण्याची सवय त्याने मोडते.

फरक दिसताक्षणी जोडी सोडता येते, ‘सारखी’ म्हणायला मात्र शेवटपर्यंत जावे लागते. खात्रीसाठी दुसऱ्यांदा पाहण्याचा मोह इथेच होतो. चुकीला गुण कापले जात नसतील तर तो मोह महाग पडतो. कापले जात असतील तर हिशेब बदलतो. म्हणून गुणांचा नियम आधी पाहावा आणि सराव परीक्षेच्याच माध्यमावर करावा. कागदावर बोट किंवा पेन्सिल ओळ धरून ठेवते, पडद्यावर ते काम एकट्या नजरेला करावे लागते.