विनंतीच्या आकाराची मर्यादा (वेब सर्व्हर)

ब्राउझर किंवा अ‍ॅपकडून येणारी एक विनंती जास्तीत जास्त किती मोठी चालेल, हे वेब सर्व्हरवर ठरवून देण्याची सोय. मर्यादा नसेल तर कोणीही भल्यामोठ्या फाइली पाठवून डिस्क आणि मेमरी अडवू शकतो. मर्यादा ओलांडणाऱ्या विनंतीला सर्व्हर ४१३ हा एचटीटीपी कोड परत पाठवतो.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये हे काम 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ' ही सेटिंग करते. तिची मूळ किंमत १ एमबी असते. मोबाइलवर काढलेला फोटो बऱ्याचदा त्याहून मोठा असल्याने नव्या साइटवर फोटो अपलोड होत नाही. अशा वेळी ० लिहून तपासणीच बंद करण्याचा मोह होतो; तो टाळावा. ही सेटिंग संपूर्ण सर्व्हरला, एका साइटला किंवा एकाच 'लोकेशन'ला (साइटमधल्या ठरावीक वेब पत्त्याला) लावता येते. यातला शेवटचा पर्याय सर्वांत शहाणपणाचा: फोटो अपलोडच्या पत्त्यावर २० एमबी आणि लॉगिनला काही केबी पुरतात. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये याच कामासाठी 'लिमिटरिक्वेस्टबॉडी' आहे. २.४.५३ आवृत्तीपर्यंत तिची मूळ किंमत ०, म्हणजे अमर्याद होती. पुढे ती १ जीबी झाली.

'कंटेंट-लेंग्थ' हेडरमध्ये (हेडर म्हणजे विनंतीच्या सुरुवातीला तिची माहिती देणाऱ्या ओळी) आकार आधीच कळवलेला असेल, तर मजकूर वाचण्याआधीच सर्व्हर नकार देऊ शकतो. मजकूर तुकड्यातुकड्यांनी येत असेल, तर येईल तसा मोजावा लागतो.

खरी अडचण येते ती एकापुढे एक थर असताना (उदा. पुढे एनजिनएक्स आणि त्यामागे पीएचपी), कारण सर्वांत लहान मर्यादाच शेवटी लागू होते. साइटचे प्रोग्राम (स्क्रिप्ट) लिहिण्याच्या पीएचपी या भाषेत एका फाइलसाठी 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' (मूळ २ एमबी) आणि पूर्ण फॉर्मसाठी 'पोस्ट_मॅक्स_साइझ' (मूळ ८ एमबी) अशा वेगळ्या मर्यादा असतात. दुसरी ओलांडली गेली की फॉर्मची सगळी माहिती स्क्रिप्टला रिकामी मिळते. मग नाव-पत्ता नीट भरलेल्या माणसालाही 'नाव भरा' अशी सूचना दिसते आणि दोष फाइलच्या आकाराचा आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून फाइलची मर्यादा सर्वांत कमी, फॉर्मची त्याहून थोडी जास्त आणि पीएचपीच्या पुढे असलेल्या वेब सर्व्हरची निदान फॉर्मइतकी ठेवावी.

विनंतीचा वेब पत्ता (यूआरएल) आणि हेडर यांना वेगळी मर्यादा असते. पत्ता फार लांब झाल्यास ४१४ हा कोड येतो.

विनंती कुठे अडली हे लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) सापडते. एनजिनएक्सने अडवली असेल, तर त्याच्या एरर लॉगमध्ये 'क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी' अशी ओळ आणि पाठवलेले बाइट दिसतात. ती ओळ नसेल तर पीएचपीचा लॉग उघडावा.